शिवराईचे मोल तांब्यापुरतेच?

घराचा पाया खणताना वा शेत नांगरताना जुन्या नाण्यांनी भरलेले मडके सापडल्याचे वृत्त अधूनमधून वाचावयास मिळते. त्यांतील किती नाणी सरकारदरबारी पोहोचतात आणि किती मोडीत जातात, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

महाराष्ट्रात अशा नाण्यांत शिवराईचे स्थान आगळे आहे. १६७४ साली राज्याभिषेकप्रसंगी शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपती’, एवढाच मजकूर. पण दख्खनच्या सुलतानांच्या नाण्यांवर अरबी-फार्सी लिपी रूढ असता तो देवनागरीत उमटला, हे त्याचे महत्त्व. पुढे पेशवाईत चांदवडसारख्या टांकसाळींतील चांदीच्या रुपयावर दिल्लीच्या बादशहाचे नाव असे. गोरगरिबांच्या हातातील तांब्याच्या पैशावर मात्र छत्रपतींचेच नाव टिकले. १८१८ साली राज्य गेले, १८३५ च्या कायद्याने कंपनीचा एकच रुपया आला. तरीही शिवराई बाजारात पुढे कित्येक वर्षे चालत राहिली. राजसत्तेहून लोकांचा विश्वास अधिक काळ टिकतो, याचा हा धातूत कोरलेला पुरावा होय.

या पुराव्याची किंमत कायदा कशी करतो? १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास कलेक्टरला कळविणे बंधनकारक आहे. न कळविणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. असा ठेवा सरकारने घेतला, तर मोबदला धातूची किंमत अधिक तिचा एकपंचमांश! सोन्याच्या ठेव्याचे यात कसेबसे भागेल. पण तांब्याच्या मडक्याचे काय? प्रामाणिकपणाचे फळ भंगाराचा भाव आणि कचेरीचे हेलपाटे असेल, तर सापडणारा मनुष्य नाणी गुपचूप विकतो किंवा वितळवितो. दोष त्याच्या लोभापेक्षा कायद्याच्या हिशेबाकडे अधिक जातो.

यात खरे नुकसान स्थळाच्या नोंदीचे होते. नाणे पुढे एखाद्या संग्राहकाकडे सुखरूप राहीलही. परंतु ते कोणत्या गावी, कोणत्या नाण्यांच्या सोबतीने पुरलेले होते, हे एकदा हरवले की त्या गावच्या व्यापाराचा आणि धामधुमीचा धागाच तुटतो.

सरकारने प्रत्येक शिवराई विकत घ्यावी, असे कोणी म्हणणार नाही. ती विपुल आहे. सापडलेल्या नाण्यांचे वजन, छायाचित्र व स्थळ यांची तालुक्यालाच नोंद व्हावी. दुर्मीळ तेवढी नाणी त्यांच्या ऐतिहासिक मोलाने सरकारने घ्यावीत. बाकीची नोंदीच्या दाखल्यासह सापडणाऱ्यास परत द्यावीत. गावोगावचे शिक्षक आणि महाविद्यालयीन विद्यार्थी या कामी हातभार लावू शकतील. महाराजांच्या नावाचा जयघोष करणाऱ्या राज्यात त्यांच्या नाण्याची किंमत तांब्याच्या भावाने व्हावी, हे शोभणारे नाही.