पहिली बातमी आणि शेवटचा निकाल

२० जून २०२२ रोजी मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे दोन भावांच्या कुटुंबांतील नऊ जण मृतावस्थेत आढळले. कर्जाला आणि सावकारी जाचाला कंटाळून केलेली ही सामुदायिक आत्महत्या आहे, असा पहिला निष्कर्ष निघाला. अनेकांवर गुन्हा दाखल झाला, काहींना अटकही झाली. आठवडा उलटतो न उलटतो तोच पोलिसांनी दुसरे चित्र मांडले. गुप्तधनाच्या व्यवहारातून एका मांत्रिकाने साथीदाराच्या मदतीने विष देऊन या नऊ जणांची हत्या केली, असा आरोप ठेवून दोघांना अटक करण्यात आली. परंतु मोबाईलच्या पडद्यावरून पहिल्या दिवशी घरोघर पोहोचलेली आत्महत्येची बातमी शोधणाऱ्याला आजही सापडते. पुढे काय झाले, याची एक ओळही अशा बातम्यांखाली सहसा नसते.

याचा सारा दोष वार्ताहराच्या माथी मारणे सोपे आहे. परंतु डिजिटल वृत्तमाध्यमांत गुन्ह्याची बातमी तयार कशी होते, हे पाहिल्यावाचून असा निवाडा देणे अन्यायाचे ठरेल. पोलिसांचे प्रसिद्धिपत्रक, फिर्यादीची प्रत आणि कुणीतरी पाठविलेले छायाचित्र एवढ्या सामग्रीवर काही मिनिटांत बातमी द्यावी लागते. जो आधी देईल त्याला वाचक, आणि ज्याला वाचक त्याला जाहिरात, असा हा व्यवहार आहे. घटनास्थळी जाण्यास, दुसऱ्या बाजूस विचारण्यास, शवविच्छेदनाच्या अहवालाची वाट पाहण्यास त्यात सवड नाही. साहजिकच पोलिसांचे म्हणणे हेच सत्य म्हणून छापले जाते.

हे म्हणणे किती विश्वासार्ह असते, याचा धडा सांगलीने नोव्हेंबर २०१७ मध्ये घेतलेला आहे. शहर पोलीस ठाण्यातील एक तरुण कोठडीतून पळाला, असे पोलिसांनी प्रथम सांगितले. प्रत्यक्षात कोठडीतील मारहाणीत त्याचा मृत्यू झाला आणि प्रेत आंबोलीला नेऊन जाळण्यात आले, असे तपासात पुढे आले. पोलीस अधिकारी व कर्मचारीच आरोपी झाले. ‘आरोपीचे पलायन’ एवढे चार ओळींत छापून सारे थांबले असते, तर त्या तरुणाच्या कुटुंबास कोणी वाली उरला नसता. गुन्हेवार्ता हा म्हणूनच केवळ करमणुकीचा विषय नव्हे. पोलिसांच्या हाती दिलेल्या दंडसत्तेवर नागरिकांनी ठेवलेली ती पाळत आहे.

न्यायालयातील वार्तांकनाची स्थिती याहून दयनीय आहे. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झाली. आरोपनिश्चिती २०२१ मध्ये झाली आणि निकाल १० मे २०२४ रोजी लागला. दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. असा खटला समजून घ्यायचा तर उलटतपासणी ऐकावी लागते, कागदपत्रे वाचावी लागतात, आणि केवळ पुढची तारीख पडलेल्या दिवशीही न्यायालयात हजर राहावे लागते. वाचकसंख्येच्या हिशेबात हे सारे दिवस तोट्याचे. परिणामी अटकेच्या दिवशी ज्याचा चेहरा गावभर झाला, तो निर्दोष सुटल्याचे त्याच्या शेजाऱ्यालाही कळत नाही.

या दुरवस्थेचे मूळ श्रमाच्या मोलात आहे. श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ च्या कायद्याने वेतनमंडळाची तरतूद केली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता आल्या. त्यांत डिजिटल माध्यमांतील पत्रकाराचा उल्लेख झाला, पण वेतनमंडळाची ती व्यवस्था राहिली नाही. शिवाय ज्याच्याजवळ नेमणुकीचे पत्रच नाही, त्याला संहितेतील व्याख्येचा उपयोग काय? तालुक्याच्या गावी बातमीमागे मोबदला घेणारा वा जाहिरातीच्या कमिशनवर गुजराण करणारा वार्ताहर बातमीसाठी फौजदारावर आणि पोटासाठी पुढाऱ्यावर अवलंबून असतो. अशा माणसाने दोघांनाही निर्भयपणे प्रश्न विचारावेत, ही अपेक्षा मालकवर्गाने कोणत्या तोंडाने करावी?

कराडजवळच्या टेंभू गावी जन्मलेले आगरकर आणि त्यांचे सहकारी टिळक १८८२ मध्ये एकशे एक दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्ध ज्या पत्रांच्या आधारे त्यांनी लिहिले, ती पत्रे खरी ठरली नाहीत. हेतू शुद्ध असूनही पुरावा कच्चा निघाला, आणि त्याची किंमत संपादकांनी स्वतः मोजली. आज कच्च्या बातमीची किंमत संशयित, त्याचे घर आणि क्वचित तो अल्पवेतनी वार्ताहर मोजतो. नफा मात्र वरच्यावर जातो.

उपाय अशक्य कोटीतले नाहीत. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले असून सातारा-सांगलीची प्रकरणे तेथे चालतात. सकाळी जाऊन संध्याकाळी परतावे, एवढेच अंतर आहे. प्रत्येक वृत्तसंस्थेने न्यायालयासाठी पगारी वार्ताहर नेमावा. आरोप हा आरोप म्हणूनच लिहावा. तपासाने वळण घेतले की जुन्या बातमीच्या माथ्यावर तशी नोंद करावी, आणि अटकेला जेवढी जागा दिली तेवढीच सुटकेला द्यावी. वाचकांनीही निकालाची मागणी केली पाहिजे. न्यायालयाचे दार कायद्याने उघडे आहे. त्या दारातून रोज आत जाणाऱ्या माणसाच्या पगाराची तरतूद तेवढी व्हायची आहे.