कुत्र्याला जंगल नको, बाग द्या

पहिला पाऊस पडून गेला, की पश्चिम उपनगरांतल्या कुत्रे पाळणाऱ्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो : रविवारी याला घेऊन कुठे जायचे? खारदांड्यात हा प्रश्न जरा जास्तच टोचतो. कोळीवाड्याच्या गल्ल्या अरुंद, रस्त्यावर रिक्षा आणि दुचाकींची गर्दी, किनाऱ्यावर होड्या, जाळी आणि सुकत घातलेली मासळी. कार्टर रोडवर कुत्र्यांसाठी कुंपण घातलेली एक छोटी जागा आहे. पण एवढ्या मोठ्या वस्तीला ती कितीशी पुरणार? मग नजर जाते बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे, आरेकडे, पवईच्या तलावाकडे. हिरवीगार झाडी, पाणी, मोकळी हवा. कुत्र्याला आणखी काय हवे?

राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वारावर मात्र पाळीव कुत्र्याला मनाई आहे. सकाळी फिरायला येणाऱ्या माणसांना पास मिळतो, कुत्र्याला नाही. त्यावरून दरवर्षी नाराजी व्यक्त होते. ही मनाई योग्यच आहे आणि ती तशीच राहायला हवी. पण जे शहर कुत्र्याला जंगलात ‘नाही’ म्हणते, त्याने त्याला दुसरीकडे कुठेतरी ‘हो’ म्हणायला हवे. मुंबई ते म्हणत नाही, आणि त्याचा भुर्दंड कुत्रा, माणूस आणि जंगल असे तिघेही भरतात.

आधी माणसाचा विचार करू. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कुत्रा पाळणारी माणसे हे लक्ष्य गाठण्याची शक्यता इतरांपेक्षा चौपट आढळली. कारण उघड आहे. व्यायामशाळेची वर्गणी भरून आपण घरी बसू शकतो. दाराशी पट्टा तोंडात धरून उभा असलेला कुत्रा बसू देत नाही. मधुमेह आणि रक्तदाबाने ग्रासलेल्या आपल्या शहरात हा फायदा लहान नाही. म्हणून कुत्र्याला फिरवायची जागा ही मूठभर हौशी लोकांची मागणी समजून झटकून टाकू नये.

आता जंगलाकडे वळू. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात आणि त्याच्या कडेने पन्नासच्या आसपास बिबटे वावरतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार त्यांच्या आहारात सुमारे ४० टक्के वाटा कुत्र्यांचा आहे. हे बिबटे वर्षाला दीड हजारांच्या घरात भटके कुत्रे खातात आणि त्यामुळे परिसरातले कुत्रे चावण्याचे प्रकार कमी होतात, असेही संशोधकांनी मांडले. म्हणजे इथल्या बिबट्याला कुत्रा हे ओळखीचे भक्ष्य आहे. बिबट्या संध्याकाळी, रात्री आणि पहाटे जास्त फिरतो. आपण कुत्रा फिरवतो तोही पहाटे आणि संध्याकाळीच. आरेच्या रस्त्यावर काळोखात पट्ट्याला धरून चालवलेला पामेरियन बिबट्याच्या दृष्टीने शिकार असतो, आणि त्या पट्ट्याचे दुसरे टोक आपल्या हातात असते.

धोका उलट दिशेनेही आहे. कुत्र्यांमध्ये ‘डिस्टेंपर’ नावाचा विषाणूजन्य आजार आढळतो. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत या विषाणूने जवळजवळ एक तृतीयांश सिंह मारले. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गुजरातच्या गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने नमुन्यांत हाच विषाणू ओळखला. बिबट्यालाही त्याची बाधा होऊ शकते.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो : ‘जंगलाच्या कडेने भटके कुत्रे आहेतच. माझ्या लस टोचलेल्या, पट्ट्याला बांधलेल्या लॅब्रेडॉरने असा काय फरक पडणार?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रयोगातून मिळालेले आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या वनांत संशोधकांनी काही वाटांवर माणसाला एकटे चालवले, काहींवर पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्यासह चालवले, तर काही वाटा मोकळ्या ठेवल्या. २००७ च्या या अभ्यासात कुत्रा गेलेल्या वाटांवर पक्ष्यांच्या प्रजाती ३५ टक्क्यांनी आणि पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी कमी आढळली. एकट्या माणसाचा परिणाम याच्या निम्म्याहूनही कमी होता. कुत्रा भुंकला नाही, धावला नाही, कुणाला चावला नाही. तो नुसता तिथून गेला. रानातल्या जिवांसाठी त्याचा वास आणि त्याची चाहूल म्हणजेच शिकारी. तो लसवंत आहे की नाही, हे चितळाला किंवा जमिनीवर अंडी उबवणाऱ्या पक्ष्याला कळत नाही. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न नसबंदीने आणि लसीकरणाने सोडवायचा आहे. त्यात आपल्या कुत्र्याची भर घालून नव्हे.

तलावांचीही गोष्ट अशीच आहे. १८६० मध्ये पूर्ण झालेला विहार आणि १८७९ चा तुळशी हे मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांतले सर्वांत लहान दोन. दोन्ही राष्ट्रीय उद्यानात आहेत आणि दोन्ही आजही आपल्या नळाला पाणी पुरवतात. बेल्जियममध्ये गेंट शहराजवळच्या राखीव वनांत फिरायला आणलेल्या कुत्र्यांच्या मलमूत्राचा हिशेब २०२२ मध्ये मांडला गेला. दर हेक्टरी वर्षाला ११ किलो नायट्रोजन आणि ५ किलो फॉस्फरस जमिनीत पडत होता. हे एक प्रकारचे खतच झाले. तलावात उतरलेले खत काय करते, हे पाहायला फार दूर जायला नको. पवईची जलपर्णी पुरेशी आहे. पवईला सांडपाण्याचा वाटा अर्थातच फार मोठा आहे, पण त्यातून बोध घ्यायचा तो विहार आणि तुळशीसाठी. शिवाय विष्ठेतून जिआर्डियासारखे आदिजीव पाण्यात जातात आणि ते क्लोरीनला सहजासहजी दाद देत नाहीत.

खुद्द कुत्र्यालाही हे पाणी मानवत नाही. या तलावांत मगरी आहेत, हे वेगळेच. लेप्टोस्पायरोसिस मुंबईकरांना नवा नाही. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या आजाराने शहराला किती छळले, ते अनेकांना आठवत असेल. उंदरांच्या आणि इतर प्राण्यांच्या मूत्रातून हे जिवाणू साचलेल्या पाण्यात आणि ओल्या चिखलात येतात आणि तिथे आठवडेच्या आठवडे जिवंत राहतात. डबक्यात खेळलेल्या कुत्र्याला त्यांची बाधा झाली, तर त्याचे यकृत आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकते. त्याच्या मूत्रातून तो हाच जंतू घरात आणू शकतो. फरशी पुसणारी व्यक्ती आणि रांगणारे मूल यांच्यापर्यंत तो पोहोचायला वेळ लागत नाही. गवतातून अंगावर चढणाऱ्या गोचिडांमुळे पशुवैद्य ज्याला ‘टिक फीवर’ म्हणतात तो आजार होतो. गोचीड माणसालाही सोडत नाही. सिंधुदुर्गात २०१६ मध्ये पसरलेल्या माकडतापाचा वाहक गोचीडच होता.

‘मग परदेशात कसे चालते?’ असे कुणी विचारेल. इंग्लंडमधले नातेवाईक जलाशयाकाठी कुत्र्याबरोबर काढलेली छायाचित्रे पाठवतात खरी. पण तिथे बिबट्या नाही आणि नियम मात्र आहेत. सर्वांना खुल्या असलेल्या माळरानांवर १ मार्च ते ३१ जुलै या पक्ष्यांच्या विणीच्या काळात कुत्रा दोन मीटरहून लांब नसलेल्या पट्ट्यावरच ठेवावा लागतो. उन्हाळ्यात तलावांत विषारी नीलहरित शेवाळ वाढले, की कुत्र्यांना पाण्यापासून दूर ठेवा, अशा पाट्या लागतात. तिथल्या लोकांना कुत्र्यासाठी जागा मिळाली, ती अशा शिस्तीसह.

आपल्याकडे काय करता येईल? भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत बागांमध्ये पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालण्याऐवजी त्यांच्यासाठी वेळ ठरवून देण्याचा सल्ला दिला आहे. महापालिकेने प्रत्येक विभागात निदान एका बागेत सकाळ-संध्याकाळचा एकेक तास कुत्र्यांसाठी राखून ठेवावा, किंवा बागेचा एक कोपरा कुंपण घालून द्यावा. तिथे सावली, पिण्याचे पाणी आणि विष्ठेसाठी वेगळा डबा असावा. परवाना आणि रेबीजची लस असलेल्या कुत्र्यालाच आत सोडावे. परवाना घेणे बंधनकारक आहेच. त्याच्या बदल्यात काही हाती पडू लागले, तर लोक तो आपणहून काढतील. रेबीजविरुद्धच्या लढाईत हे मोलाचे ठरेल. लहान मुले आणि कुत्र्याची भीती वाटणारी माणसे यांनाही ठरलेल्या वेळेमुळे बागेत निर्धास्त फिरता येईल. वन विभागाने उद्यानातल्या पाड्यांवरच्या आणि कडेच्या वस्त्यांतल्या कुत्र्यांना डिस्टेंपर आणि रेबीजची लस नियमित मिळते का, याकडे लक्ष द्यावे.

बाग मागणाऱ्याने आपल्या बाजूचे कामही करायला हवे. विष्ठा उचलायला पिशवी न घेता घराबाहेर पडू नये. गेंटच्याच अभ्यासानुसार विष्ठा उचलली, तर जमिनीत पडणारा फॉस्फरस ९७ टक्क्यांनी कमी होतो. मासळी सुकते त्या जागेत कुत्रा सोडू नये. ते कुणाच्या तरी पोटाचे साधन आहे. लेप्टोची लस दरवर्षी द्यावी आणि फिरून आल्यावर कान, काखा आणि बोटांमधल्या फटींत गोचीड शोधावेत. कुत्रा प्रामुख्याने धापा टाकूनच अंग थंड करतो आणि मुंबईच्या दमट हवेत ते जमत नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याचे तर हालच होतात. ऊन असेल तेव्हा रस्त्यावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवून बघावी. आपल्याला चटका बसला, तर त्याच्याही पंजांना बसणार.

महापालिकेचा अर्थसंकल्प दरवर्षी मांडला जातो आणि प्रत्येक विभागात बागा आहेत. कुंपण, पाण्याचा नळ आणि डबा यांना लागतो तो खर्च त्यात शोधूनही सापडणार नाही. नगरसेवकाकडे मागायची गोष्ट आहे ती ही.