मरियामाता घरी येते तेव्हा

(द्वितीय वर्ष, कला)

नवरात्रात आमच्या वर्गातील मैत्रिणी रोज रात्री गरब्याला जातात. 'तू का येत नाहीस?' असे त्या मला विचारतात. 'आमच्याकडे महिनाभर रोझरी असते' असे मी सांगितले की त्यांना वाटते, हा काहीतरी उपवासाचा प्रकार असावा. एकीने तर 'म्हणजे गुलाबाची पूजा का गं?' असे विचारले. सगळ्या हसल्या, परंतु तिचे अगदीच चुकले असे म्हणता येणार नाही. 'रोझारियम' या लॅटिन शब्दाचा अर्थ गुलाबाची बाग असाच आहे, आणि रोझरी हे नाव त्यावरूनच आले आहे.

आम्ही वसईचे कॅथलिक. घरात सामवेदी बोलतो, चर्चमध्ये मराठीत मिस्सा ऐकतो आणि आडनाव पोर्तुगीज लावतो. त्यामुळे बाहेरच्या माणसाला आमच्याविषयी नेहमीच थोडा गोंधळ असतो. तो दूर करणे हा या लेखाचा हेतू नाही. मला बोलायचे आहे ते आमच्याच माणसांशी. परंतु आमच्या महाविद्यालयात सर्व धर्मांचे विद्यार्थी आहेत आणि प्राध्यापकही हा अंक वाचतात. म्हणून थोडी पार्श्वभूमी आधी सांगते.

पाऊस ओसरू लागला की आमच्या घरातले वर्षच जणू बदलते. ८ सप्टेंबरला मरियामातेचा जन्मदिन. त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर बांद्र्याच्या मोतमावलीची जत्रा भरते. वसईहून लोक गाडीने जातात आणि नवसाप्रमाणे मेणाचे बाळ, मेणाचे घर, मेणाचा हात किंवा पाय वाहून येतात. ऑक्टोबरच्या आरंभी आगेरा, म्हणजे नव्या पिकाचा सण. भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादित होतात आणि घरी आणून क्रुसापाशी ठेवल्या जातात. आता आमच्या वाडीत भाताची शेते किती उरली आहेत, हे विचारू नका. काही घरांत लोंबी येते ती शेजारच्या शेतातून मागून आणलेली. त्यानंतर संपूर्ण ऑक्टोबर रोझरीचा. नोव्हेंबर मृतांचा. २ नोव्हेंबरला सगळे गाव दफनभूमीत जमते. त्याआधी कबरींवरचे गवत काढायचे, माती सारखी करायची, झेंडू आणि मेणबत्त्या लावायच्या. पितृपंधरवडा आणि आमचा हा दिवस यांत एक-दीड महिन्याचेच अंतर असते. दोन्ही समाजांना आपले गेलेले लोक पाऊस संपतासंपताच का आठवतात, हा अभ्यासाचा विषय होऊ शकेल. मग नाताळच्या तयारीचा आगमनकाळ.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती ऑक्टोबरची रोझरी, आणि आमच्या हातून बिघडत चालली आहे तीही तीच.

रोझरी म्हणजे मण्यांची माळ आणि तिच्यावर म्हणायची प्रार्थना. दहा-दहा मण्यांचे पाच गट. प्रत्येक गटाच्या आधी प्रभूची प्रार्थना, मग दहा वेळा 'नमो मरिया', शेवटी त्रैक्याची स्तुती. सुरुवातीच्या तीन धरून 'नमो मरिया' त्रेपन्न वेळा होते. प्रत्येक गटाबरोबर येशूच्या किंवा मरियेच्या आयुष्यातील एका रहस्याचे मनन करायचे. आनंदाची, दुःखाची आणि गौरवाची रहस्ये फार पूर्वीपासून आहेत. प्रकाशाची रहस्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये जोडली. ऑक्टोबर हा महिना रोझरीला वाहिला तो पोप लिओ तेरावे यांनी, १८८३ मध्ये. एवढ्या सगळ्याला वीस-पंचवीस मिनिटे लागतात.

पण मला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. युरोपातल्या मठांमध्ये शिकलेले संन्यासी बायबलमधील १५० स्तोत्रे म्हणत. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनी काय करायचे? त्यांनी १५० वेळा प्रार्थना म्हणायची आणि ती मोजायला हातात मणी घ्यायचे. म्हणजे जपमाळ हे निरक्षरांचे पुस्तक होते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत, आणि आजीला सहीदेखील येत नाही, ती अंगठा उठवते. परंतु कोणत्या वारी कोणती रहस्ये, त्यांचा क्रम काय, प्रत्येक रहस्यात काय घडले, हे तिला तोंडपाठ आहे. बी.ए.ला 'मौखिक परंपरा' हा शब्द मी शिकले तेव्हा मला पहिल्यांदा आजीच आठवली.

या प्रार्थनेला धर्मगुरू लागत नाही, चर्चची इमारत लागत नाही, पैसा तर मुळीच लागत नाही. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज सत्ता गेली, तरी गावोगावचा ख्रिस्ती धर्म टिकून राहिला. तो केवळ चर्चच्या भिंतींमुळे टिकला असे मला वाटत नाही. घराघरांत संध्याकाळी दिवा लागल्यावर कोणीतरी गुडघे टेकत होते, त्याचाही त्यात मोठा वाटा असणार.

आता आजचे पाहू. आमच्या वाडीत ऑक्टोबरमध्ये मरियामातेची मूर्ती रोज एका घरी जाते. बत्तीस घरे आणि एकतीस दिवस. हिशेब जवळपास देवानेच जुळवून दिला आहे. ज्या घरी मूर्ती असेल तिथे संध्याकाळी सगळी वाडी जमते. रोझरी होते, एखादे गीत होते, आणि दुसऱ्या दिवशी मूर्ती पुढच्या घरी निघते. कल्पना इतकी सुंदर आहे की वर्षभर एकमेकांशी न बोलणारी दोन भावांची घरेही त्या महिन्यात एका चटईवर बसतात. बांधावरून भांडण झालेले शेजारी 'आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो' या अर्थाचे शब्द एकमेकांसमोर बसून म्हणतात. निदान तेवढा वेळ तरी त्यांना खाली पाहावे लागते.

आजी सांगते, पूर्वी रोझरी संपली की उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे काप वाटीत घालून फिरवत. कोणाच्या घरी तेही नसले तर पाणी. कोणी काही मनावर घेत नसे.

मग एका वर्षी कोणीतरी चहा ठेवला. पुढच्या वर्षी चहाबरोबर बिस्किटे आली. नोकरी लागलेल्या एका मुलाने पहिल्या पगाराच्या आनंदात समोसे मागवले. त्याचा आनंद खरा होता, त्याला मी दोष देत नाही. परंतु दुसऱ्या दिवशीच्या घराला समोशाच्या खाली उतरणे जड गेले. आज केकचा तुकडा, समोसा, वेफर्स आणि थंड पेयाची बाटली असे पाकीटच तयार मिळते. मांडव, भाड्याच्या खुर्च्या, दिव्यांच्या माळा, फुलांची कमान आणि ध्वनिक्षेपक. वीस फुटांच्या अंगणात ध्वनिक्षेपक कशाला लागतो हे मला अजून कळलेले नाही. मरियामाता तरी बहिरी नसावी. आणि हे सर्व झाल्यावर मोबाईलवर छायाचित्रे, म्हणजे ज्या घराची पाळी उद्या आहे त्या घराला आजच धडकी.

चाळीस माणसे धरली आणि माणशी तीस रुपये धरले, तरी खाण्याचेच बाराशे होतात. ज्यांच्या घरी महिन्याचा पगार येतो त्यांना हे काही नाही. माझी आई पहाटेच्या गाडीने फुलांची टोपली घेऊन दादरला जाते. दसरा-दिवाळीच्या दिवसांत फुलाला भाव असतो, म्हणजे ऑक्टोबर हाच तिच्या धंद्याचा महिना. हिंदू बांधवांच्या तोरणांची फुले विकून दुपारी ती परत येते, घरचे आवरते, आणि संध्याकाळी माळ हातात घेते. अशा घरातून एका संध्याकाळचे बाराशे आणि मांडवाचे वेगळे निघतात, तेव्हा ते कशातून तरी कापले जातात. गेल्या वर्षी ते कशातून कापले गेले हे मला माहीत आहे, पण आईला मी ते इथे लिहिलेले आवडणार नाही.

तरीही केवळ पैशासाठी मी हा लेख लिहिला नसता. गेल्या ऑक्टोबरात आमच्या वाडीतील दोन घरांनी आपली पाळी सोडली. एका घरातील बाईने 'घर दुरुस्तीला काढले आहे' असे सांगितले. घर होते तसेच होते, आजही तसेच आहे. दुसऱ्या घरी मुले आजारी आहेत असे कळवले, आणि त्याच संध्याकाळी ती मुले पुढच्या घरच्या रोझरीत पहिल्या रांगेत बसून खाऊची वाट पाहत होती. सगळ्यांना सगळे कळले. कोणी काही बोलले नाही. मूर्ती त्या दोन दारांवरून पुढे गेली.

ज्या स्त्रीला बाळंतपणासाठी धर्मशाळेत जागा मिळाली नाही, जिचे मूल गव्हाणीत निजले, तिला घरी घेण्याची ऐपत नाही म्हणून आमच्या वाडीतली दोन घरे दार लावून घेतात! हे पाहून आपल्याला काही वाटत नसेल, तर त्रेपन्न वेळा तिला वंदन करण्याचा काय उपयोग?

दुसरी गोष्टही मला सलते. मरियामाता ज्या घरी येते त्या घरच्या बाईला रोझरी मिळत नाही. बाहेर चौथे रहस्य चालू असते आणि ही आत समोसे मोजत असते. मी तीन वर्षे लक्ष ठेवून आहे. आपल्या पाळीच्या दिवशी संपूर्ण रोझरी बसून म्हणणारी एकही गृहिणी मला दिसली नाही. बायबलमध्ये मार्था आणि मरिया या दोन बहिणींची गोष्ट आहे. मरिया प्रभूच्या पायाशी ऐकत बसली आणि मार्था पाहुणचारात गुंतली, आणि प्रभूने मार्थेलाच समजावले. या गोष्टीवर प्रवचने पुष्कळ होतात. पण मार्थेने चूल सोडली असती तर जेवायला बसलेल्या पुरुषांनी काय म्हटले असते, यावर मी तरी आजवर एकही प्रवचन ऐकलेले नाही. आमच्या वाडीत तर मांडव घालण्याचे श्रेय पुरुषांचे, गीत गाण्याचे श्रेय तरुण मंडळाचे, आणि चहा पातळ झाला तर दोष घरच्या बाईचा.

यावर मला दिली जाणारी उत्तरे मी ऐकून घेतली आहेत. काही तरुण मित्र म्हणतात, 'खाऊ नसेल तर लहान मुले येणारच नाहीत.' हे थोडेफार खरे आहे. मीसुद्धा लहानपणी चण्यांसाठीच जात होते, आणि चण्यांच्या आशेने बसताबसताच मला रहस्ये पाठ झाली. म्हणून मुलांसाठी काही असू नये असे मी म्हणत नाही. चणे असावेत. पण सगळ्या घरांत चणेच असावेत, आणि तेही वाडीच्या वर्गणीतून, एकाच पातेल्यात उकडलेले.

वडीलधारी मंडळी म्हणतात, 'आदरातिथ्य ही आपली परंपरा आहे.' अवश्य. परंतु परंपरेचा दाखला द्यायचा तर तो आजीच्या वाटीचा द्यावा, केटररच्या पाकिटाचा नव्हे.

सर्वांत कठीण उत्तर मला आईनेच दिले. ती म्हणाली, "बाय, तू शिकलीस, तुला हे सगळं हिशेबात दिसतं. वर्षात एकच दिवस सगळी वाडी माझ्या दारात येते. एरवी फुलवालीच्या घरी कोण येतं? त्या दिवशी मी त्यांना रिकाम्या हाताने पाठवू?"

याला माझ्याजवळ चटकन उत्तर नव्हते, आणि कोणत्याही पाठ्यपुस्तकात ते सापडेल असे वाटत नाही. आईला त्या बाराशे रुपयांत जे मिळते ते समोशापेक्षा पुष्कळ मोठे आहे. एक दिवस ती वाडीतल्या पगारदार घरांच्या बरोबरीची होते. पण म्हणूनच मला वाटते की हा निर्णय तिच्यावर, किंवा पाळी सोडणाऱ्या त्या दोन घरांवर टाकू नये. गरीब घराने आपण होऊन साधेपणा केला तर तो साधेपणा ठरत नाही, गरिबी ठरते. साधेपणाची सुरुवात ज्यांना परवडते त्यांनी करायला हवी. ज्यांच्या अंगणात गेल्या वर्षी सर्वांत मोठी कमान होती, त्यांनी यंदा पहिल्या दिवशी फक्त चटई अंथरावी, एक मेणबत्ती लावावी आणि चण्यांची वाटी फिरवावी. दुसऱ्या दिवसापासून बत्तीसच्या बत्तीस घरांचा श्वास मोकळा होईल. फादरांनी चर्चमधून सूचना दिली तर उत्तमच. परंतु रोझरी ही मुळातच धर्मगुरूवाचून चालणारी प्रार्थना आहे. तिच्यातली सुधारणाही वाडीच्या बैठकीत होऊ शकते.

आणखी एक सूचना महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या ख्रिस्ती बंधूंना आहे. तुमच्या घरी मूर्ती येईल त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात तुम्ही उभे राहा आणि आईला बाहेर बसवा. ऑक्टोबरात सत्र परीक्षा असते हे मला माहीत आहे. मलाही तीच परीक्षा असते. वीस-पंचवीस मिनिटांत कोणाचा वर्ग चुकत नाही.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आमच्या वाडीची बैठक असते आणि त्यात पाळ्यांची यादी ठरते. यंदा मी तिथे हा विषय मांडणार आहे. मुलींनी बैठकीत बोलण्याची फारशी रीत नाही. पण तशी बंदीही कोणी घातलेली नाही. मधल्या काळात घरी आईशी बोलणे चालू आहे. समोशावरून ती आता चण्यांपर्यंत आली आहे. चहाच्या बाबतीत मात्र अजून ऐकत नाही.