'वय झाले' म्हणून हक्क सोडायचा?



गावात म्हाताऱ्या माणसाला दिसेनासे झाले की आपण काय म्हणतो? वय झाले. ऐकू येत नाही, वय झाले. गुडघे धरले, ओट्यावरून उतरताना दोघांनी धरावे लागते, वय झाले. पंचविशीतल्या पोराची अशी गत झाली असती तर घरच्यांनी त्याला दवाखान्यात नेले असते, प्रमाणपत्र काढले असते, तहसीलचे उंबरठे झिजवले असते. साठीपुढच्या माणसापाशी मात्र हे दोन शब्द उच्चारले की सगळे मोकळे होतात. मुलगा मोकळा, ग्रामपंचायत मोकळी आणि सरकार तर आधीपासूनच मोकळे.

या दोन शब्दांची किंमत रुपयात काढता येते. संजय गांधी निराधार योजना आणि श्रावणबाळ योजना या दोन्हींचे अनुदान २०२३ साली महिना १००० वरून १५०० झाले. २०२५ साली या दोन्ही योजनांतल्या दिव्यांगांना (सरकारी कागदावर आता हा शब्द आहे, गावात अपंग म्हणतात, आम्ही दोन्ही वापरतो) आणखी १००० वाढवून २५०० करण्याचा निर्णय झाला. आता श्रावणबाळ योजनेतली एखादी म्हातारी घ्या. अर्धांगाने तिची एक बाजू गेली आहे. तिच्यापाशी किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर २५००, नसेल तर १५००. वर्षाला १२,००० रुपयांचा फरक. कोरडवाहू एकरभर कापसातून सगळा खर्च वजा जाता १२,००० हातात राहिले, असे साल आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे?

आणि हे प्रमाणपत्र म्हाताऱ्यांना मिळत नाही असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. अंधत्व, अधू दृष्टी, बहिरेपणा, हातापायाचे अपंगत्व तर त्यात आहेच, पण हात कापणारा कंपवातही आहे. वयाची वरची अट कुठेही नाही. ऐंशी वर्षांच्या माणसाचा पाय तितकाच पाय आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग मोजले गेले. घरच्यांनी मोजणीदाराला जेवढे सांगितले तेवढेच त्यात आले. 'आमच्या आजीला दिसत नाही' हे कोण कशाला सांगेल? तिचे तर वय झाले आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मोतीबिंदू असेल तर प्रमाणपत्राच्या मागे लागू नका, आधी शस्त्रक्रिया करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. परत येणारी नजर अनुदानासाठी घालवणे हा तोट्याचा सौदा आहे.

हे अपंगत्व आभाळातून पडलेले नाही. १९७२ च्या दुष्काळात जी पोरे-पोरी विशीत होती, खडी फोडायला बसली होती, ती आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. त्यांचे गुडघे आणि कंबर त्या खडीवर आणि त्यानंतर पन्नास वर्षे निंदणी-खुरपणीत गेले. मळणीयंत्राने कोणाचा हात घेतला. पाठीवर पंप बांधून, तोंडाला फडके न लावता कोणी फवारण्या केल्या. कृषी शास्त्राच्या शिक्षणात आम्हाला फवारणीचे प्रमाण शिकवले, फवारणाऱ्याच्या डोळ्यांचे काय होते ते फारसे शिकवले नाही. नोकरदाराला निवृत्तीनंतर निवृत्तिवेतन मिळते, कारण त्याने आयुष्य कामाला दिले असे मानतात. कापूस वेचणारीने काय दिले? २०१९ साली केंद्राने शेतकऱ्यांसाठी निवृत्तिवेतनाची योजना आणली, तीत शिरण्याचे वय १८ ते ४० ठेवले. म्हणजे त्या वेळी जे म्हातारे होते ते मुळातच बाहेर. शेतकरी अपघात अनुदान घ्या. एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर एक लाख, दोन गेले तर दोन लाख. पण वय १० ते ७५. शहात्तराव्या वर्षी बैलाने पाडले तर तो अपघात नव्हे. कोरडवाहू गावात शहात्तराव्या वर्षी माणूस घरी बसतो असे ज्याने ठरवले, त्याने सेलू तालुक्यातले एकही खळे पाहिलेले नाही.

आता वाट पाहा. तपासणी मंडळ परभणीला. वालूर, कुपटा, देऊळगाव गात इथून आधी सेलू गाठायचे, मग पुढे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आहे. चांगली गोष्ट आहे. पण गाडीची पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच आहे आणि चढवायला बरोबर येणाऱ्या सुनेची त्या दिवसाची मजुरी बुडते ती बुडतेच. अर्ज ऑनलाइन, तारीख पडते ती वेचणीच्या हंगामात. एका फेरीत काम झाले तर नशीब. ज्याचे पाय गेले त्याने पाय गेल्याचा कागद आणायला जिल्ह्याला चालत यावे, अशी ही रचना आहे.

कागद आला तरी अंगठा राहतो. वर्षाला हयातीचा दाखला, बँकेत अंगठा, रेशनला अंगठा. बोंडाच्या टोकदार काट्यांनी आणि विळ्याच्या मुठीने ज्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या त्यांचा ठसा यंत्र घेत नाही. माणूस समोर उभा आहे आणि यंत्र म्हणते, तो नाही.

उत्पन्नाच्या मर्यादेचा हिशोब तर कोणीही करावा. अनुदान १५०० झाले तेव्हाही कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट २१,००० चीच राहिली. दिवसाला साडेसत्तावन रुपये, आणि तेही सगळ्या घराचे. २०२४-२५ साली राज्यात रोजगार हमीची मजुरी २९७ रुपये होती. सरकारने हमी दिलेले १०० दिवस एकाने भरले तर २९,७०० होतात. म्हणजे सरकारचा एक कायदा पाळला की सरकारच्या दुसऱ्या योजनेतून माणूस बाद. म्हणून तर तलाठ्यापुढे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) सगळ्यांनाच खोटे बोलावे लागते आणि खोटे बोलायला लावणारा नंतर त्याच खोट्याच्या बळावर हात पसरतो. निराधार योजनेत अपंगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. इथेही प्रमाणपत्राचेच महत्त्व.

'हे अनुदान मागायचे म्हणजे भीक', असे आपल्यातले काही जुने कार्यकर्ते म्हणतात. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा ज्यांनी दिली त्यांना तसे वाटणे साहजिक आहे. आम्हाला तसे वाटत नाही. घामाचे दाम त्या वेळी मिळाले नाही, म्हणून आज गाठीला काही नाही. हे त्यातलेच थकलेले देणे आहे, आणि फार थोडे.

आता घरातल्या गोष्टीवर बोलू. पाय गेले की म्हाताऱ्याला भीती वाटते आणि भीतीपोटी तो जमीन मुलांच्या नावावर करून देतो. सातबाऱ्यावरून नाव गेले की ताटातली भाकरीही पातळ होते, हे प्रत्येक गावाला माहीत आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेणाऱ्याने सांभाळ केला नाही तर ते हस्तांतर रद्द करून घेता येते. निकाल प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात होतो. पण ती अट कागदात लिहा. 'हा माझा अन्नवस्त्र, औषधपाणी व सांभाळ करील या अटीवर' एवढे एक वाक्य बक्षीसपत्रात असले आणि नसले यात दावा जिंकण्या-हरण्याचा फरक पडू शकतो. शक्य तर द्यायचीच घाई करू नका. आणि बाईच्या नावावर थोडी जमीन ठेवा. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून बायकांच्या नावावर जमिनी करवल्या. तेव्हा ज्या तिशीत होत्या त्यांचा सातबारा आता म्हातारपणी उपयोगी पडतो.

मात्र सगळा दोष पोरांवर टाकणे सोपे आहे. मुलगा ऊसतोडीला किंवा पुण्याला, घरात सून, दोन लेकरे आणि अंथरुणावरची सासू. रात्री उठवायला, धुवायला, भरवायला ती एकटी. तिच्यासाठी कोणतीही योजना नाही. गावात चाकाची एक खुर्ची आणि एक कमोडची खुर्ची असली, जिला लागेल तिने न्यावी आणि काम झाल्यावर परत आणावी, तरी तिची कंबर वाचेल.

त्याचे पैसे गावातच आहेत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची असा नियम आहे. पूर्वी तो ३ टक्के होता. ज्या ग्रामपंचायतीची वर्षाची वसुली ३ लाख तिथे हे १५,००० होतात. गावात यादीच नसेल तर ती रक्कम किरकोळ खर्चात दाखवून मोकळे होतात. येत्या ग्रामसभेत या पैशाचा तीन वर्षांचा हिशोब मागा आणि ठरावात लिहून घ्या. ६५ वर्षांवरच्यांना काठी, चष्मा, श्रवणयंत्रासाठी एकदाच ३००० रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ साली आली. केंद्राच्या २०१७ च्या योजनेत तर दातांची कवळीही आहे. ज्वारीची भाकरी चहात बुडवून गिळणाऱ्याला ही बातमी कोणी सांगितली का?

तहसीलदारांकडे आम्ही एकच मागणी घेऊन जाणार आहोत. तपासणी मंडळाने परभणीत बसून राहू नये, वर्षातून दोनदा सेलूच्या सरकारी दवाखान्यात यावे, आणि ज्यांना उठताच येत नाही त्यांच्या घरी जावे. मोघम मागणी परत येते, म्हणून यादी लागेल. प्रत्येक गावातल्या कार्यकर्त्याने पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ती आणावी. साठीपुढच्या माणसाचे नाव, वय, काय करता येत नाही, कधीपासून, प्रमाणपत्र आहे की नाही, अनुदान किती मिळते, एवढेच. घरोघर जाऊन लिहा, पारावर बसून लिहू नका, कारण पारावर येऊ शकत नाहीत त्यांचीच ही यादी आहे. बायकांची नावे पुरुषांपेक्षा कमी आली तर यादी पुन्हा करावी लागेल.