बियाणे राखतो, मग कोंबडा का नाही?

कडाव-कर्जत-खालापूर पट्ट्यातला शेतकरी झोडणीआधी भरलेल्या लोंब्या बियाण्यासाठी बाजूला काढतो. ही अक्कल त्याला कोणी शिकवलेली नाही. अंगणातल्या कोंबड्यांच्या बाबतीत मात्र तोच शेतकरी नेमके उलटे करतो. सर्वांत भरदार कोंबडा गटारीच्या गिऱ्हाइकाला जातो आणि मागे उरलेला किडमिडा कोंबडा पुढची पैदास करतो. वर्षानुवर्षे हेच चालले तर वाण खालावणारच. दोष जातीचा नाही, निवडीचा आहे.

गावठी कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी देते म्हणून तिला हिणवले जाते. पण ती स्वतः खुडूक बसते, २१ दिवस अंडी उबवते आणि घारीपासून पिल्ले राखते. गिरिराज, वनराज यांसारखे सुधारित पक्षी अंडी जास्त देतात, पण पिल्लांसाठी पुन्हा उबवणी केंद्राच्या दारात उभे राहावे लागते.

गावठीला मुंबईचे गिऱ्हाईक चढा भाव देते. म्हणूनच फार्मवरचे रंगीत पक्षीही रस्त्यावर ‘गावठी’ म्हणून खपतात. आपल्या पक्ष्याची कसोटी आपण ठरवली नाही, तर ती व्यापारी ठरवणार. नुसत्या नावाने काय होते ते कडकनाथने दाखवले. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातून उघडकीस आलेल्या कडकनाथ योजनेत शेतकऱ्यांचे कोट्यवधी रुपये अडकले.

मात्र प्रदर्शनाची कसोटी तुरा-पिसांपुरती नको. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात काळ्या स्पॅनिश कोंबडीचा पांढरा चेहरा बक्षिसांसाठी वाढवत नेला, आणि तिचा काटकपणा गेला. आमची कसोटी सरळ आहे: तलंग अंड्यावर कधी आली, एका खुडुकीत किती पिल्ले निघाली, आठ आठवड्यांनी त्यांतली किती जगली, आणि पाच महिन्यांच्या कोंबड्याचे वजन किती भरले. रूप त्यानंतर.

हे काम एकट्या घराचे नाही. कोंबडी मोकळी फिरते. आपण चांगला कोंबडा राखला तरी शेजारचा मरतुकडा कोंबडा पैदास बिघडवतो. लसीचेही तेच. मानमोडीच्या लसीची कुपी एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या घराला ती परवडत नाही, अख्ख्या पाड्याला परवडते.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही चार ठराव ठेवत आहोत:

१. प्रत्येक पाड्याने गटारीआधी पैदाशीचे कोंबडे निवडून राखावेत, आठ-दहा कोंबड्यांमागे एक. बाकीचे नर खुशाल विकावेत. रक्त जवळचे होऊ नये म्हणून राखलेले कोंबडे दरवर्षी दुसऱ्या गावाशी बदलावेत.

२. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस पाड्याने एकाच दिवशी टोचून-पाजून घ्यावी. पशुवैद्यकीय दवाखान्याने ती वेळेवर पुरवावी.

३. अंडी, पिल्ले आणि वजन यांची नोंदवही प्रत्येक घरी असावी.

४. पशुप्रदर्शनात गावठी कोंबडीचा स्वतंत्र विभाग असावा, नोंदवही पाहूनच बक्षीस द्यावे, आणि पंचांत कोंबड्या पाळणाऱ्या बाया असाव्यात.

अंड्यांचा पैसा हा घरातल्या बाईच्या हातचा पैसा आहे. तिच्या खुराड्यातला उत्तम कोंबडा कोणी आणि कधी विकायचा, हे यापुढे तिला विचारूनच ठरले पाहिजे. वाण सुधारण्याची सुरुवात तिथूनच होईल.