महापौर निवडणार कोण?

पुणे-नाशिक महामार्गावरच्या कुरुळीत गावकरी सरपंच थेट निवडतात. इंद्रायणीपलीकडच्या पिंपरी-चिंचवडमध्ये मात्र महापौर ठरवतात 128 नगरसेवक, तोही अडीच वर्षांसाठी. कारभाराच्या चाव्या आयुक्तांकडेच.

मतदाराचं मागणं साधं आहे: रोज पाणी आणि मोकळा रस्ता. 2019च्या अखेरीपासून शहरात पाणी दिवसाआड येतं. नळाच्या दिवशी पिंपं, कळश्या, बादल्या भरून ठेवायच्या. शहरातल्या मोशीहून चाकणला शिफ्टला निघालेला कामगार वाटेत कोंडीत अडकतो. नदीपुढचा तो रस्ता पालिकेच्या हद्दीबाहेरचा असला, तरी अडकतो तो शहराचाच मतदार.

मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षं पालिकेवर प्रशासकच होता. गाऱ्हाणं ऐकायला प्रभागात नगरसेवक नव्हता!

म्हणूनच जानेवारी 2026च्या मतदानानंतर सभागृहात आयुक्तांना जाब विचारणारा महापौर हवा. आणि पुढच्या वेळी, कुरुळीच्या सरपंचासारखा, तो मतदारांनीच थेट निवडावा.