त्रिकोणात तीन गुण

सकाळी अलार्म पाचदा स्नूझ करणारा आणि रात्री बाराला अंथरुणातून ऑफिसच्या मेलला उत्तर देणारा, दोघं एकच असू शकतात. म्हणजे तुम्हीच! पहिल्याला आपले जुनेजाणते तमोगुण म्हणाले असते, दुसऱ्याला रजोगुण. आणि सत्त्व? ते बहुतेक वीकएंडला येतो म्हणून टांग देतं.

मग आपण योगाचा क्लास लावतो. तम-रज पळून जातील, उरेल नुसतं सत्त्व, ही अपेक्षा. पण सांख्यकारिकेत ईश्वरकृष्णाने तिन्ही गुणांना दिव्याची उपमा दिलीय. तेल, वात आणि ज्योत एकमेकांहून वेगळी, तरी एकत्र आली तरच उजेड. म्हणजे कुणालाच हाकलायचं नाहीये, जमवून घ्यायचंय.

त्रिकोणासनात हे लख्ख दिसतं. पायांत तीन-साडेतीन फूट अंतर, उजवं पाऊल बाहेर वळवलेलं, उजवा हात खाली, डावा वर. सगळा भार खालच्या हातावर टाकून छाती पाडलीत, की झाला तम. शेजारची मुलगी जमिनीला हात लावतेय म्हणून श्वास रोखून, गुडघा वाकवून तुम्हीही लावलात, की रज. ऑफिसातलं टार्गेट थेट मॅटवर! अशानेच मांडीमागचा स्नायू दुखावतो आणि क्लास सुटतो.

त्यापेक्षा हाताखाली वीट घ्या. पुण्यात आयुष्य घालवलेल्या बी. के. एस. अय्यंगारांनी (१९१८-२०१४) विटा, पट्टे, खुर्च्या आसनांत आणल्या, त्या काही फक्त म्हाताऱ्यांसाठी नव्हेत. आता पाय घट्ट रोवलेले (हा तमाचा चांगला उपयोग), वरचा हात ताणलेला (हा रजाचा) आणि श्वास संथ. सत्त्व म्हणतात ते याच्याच आसपास असतं. पतंजलीनेही आसनात स्थैर्य आणि सुख एवढंच मागितलंय.

रोज एकच पॅकेज मात्र चालणार नाही. अंग जड असेल त्या दिवशी सूर्यनमस्कार, वीरभद्रासन करा. डोकं भणभणत असेल तर एकदम डोळे मिटून बसू नका, चार-सहा नमस्कारांनी वाफ जाऊ द्या, मग पश्चिमोत्तानासनात सावकाश थांबा. पाठीचं किंवा बीपीचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना आणि शिक्षकांना सांगा.

आणि हो, शवासनाच्या वेळी गुपचूप मॅट गुंडाळून सटकणारे आम्हाला ठाऊक आहेत. पाच मिनिटं पडून राहा. मेल कुठे पळत नाहीत!